सात दिवस औषधाचे, तीन आठवडे थर्मामीटरचे

रक्ताच्या कर्करोगाची पहिली किमो म्हटली की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे सलाइनच्या स्टँडला लटकणारं लाल औषध येतं. ते एकदाचं संपलं की सुटलो, असा बहुतेकांचा समज असतो. खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएल या वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, १९७३ पासून चालत आलेली पद्धत आजही पायाला आहे: तीन दिवस डॉनोरुबिसिन आणि सात दिवस सायटाराबिन. वॉर्डात तिला 'थ्री प्लस सेव्हन' म्हणतात. आठव्या दिवशी औषध संपलेलं असतं, पेशंट मात्र चौथा आठवडा उजाडेपर्यंत वॉर्डातच असतो. मधल्या काळात त्याचं जगणं अवलंबून असतं ते वेळेवर लावलेल्या थर्मामीटरवर, धुतलेल्या हातांवर, मोजलेल्या लघवीवर आणि दर चार तासांनी भरलेल्या चुळीवर. नर्सिंग म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचं काम, असं मानणाऱ्यांनी हा महिना जवळून बघावा.

सुरुवात वजनकाट्यापासून होते. किमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो आणि तो पृष्ठभाग उंची-वजनावरून काढतात. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६० किलो वजन असेल तर तो १.६६ चौरस मीटर येतो. डॉनोरुबिसिन दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम धरलं तर रोजचे साधारण १०० मिलिग्रॅम झाले. सायटाराबिन १०० धरलं तर १६६. "साठ असेल हो, गेल्या वर्षी होतं," हे उत्तर इथे चालत नाही. आजाराने दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरवलेलं असू शकतं. चपला काढून, त्याच काट्यावर, सकाळी लघवीनंतर वजन घ्यायचं. पुढचा सगळा महिना हाच आकडा पायाभूत राहतो, कारण अंगात पाणी साठतंय का, हेही त्यावरूनच कळतं.

सुरू करण्याआधी फाइलमध्ये काय काय आहे ते बघायचं. हृदयाची टू-डी इको हवीच, कारण डॉनोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि आयुष्यभरात ते किती देता येईल याला मर्यादा आहे. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, रक्त गोठण्याच्या तपासण्या, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम. दात किडलेला, हिरडी सुजलेली असेल तर ते आत्ताच दाखवून घ्यायचं. किमोने रक्तातल्या पेशी कमी झाल्यावर दाताला हात लावता येत नाही. तरुण मुलगा असेल तर वीर्य साठवून ठेवण्याचा विषय किमोच्या आधी निघायला हवा. वडील समोर बसलेले असतात, मुलगा मान खाली घालतो, आणि विषय राहून जातो. वडिलांना काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवून तो काढणं हे सिस्टरचंच काम आहे. पाळी येणाऱ्या बाईच्या बाबतीत गर्भधारणेची तपासणी तर हवीच, शिवाय पाळी थांबवणारी गोळी सुरू करायची का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवायचं. प्लेटलेट १० हजारांपर्यंत उतरलेल्या असताना पाळी आली तर रक्तस्राव आवरत नाही.

पहिले तीन-चार दिवस भीती वेगळी असते. आजारी पेशी झपाट्याने फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक अ‍ॅसिड एकदम रक्तात उतरतं. यालाच ट्यूमर लायसिस म्हणतात. पोटॅशियम चढलं की हृदयाची लय बिघडते, युरिक अ‍ॅसिड साचलं की किडनी तुंबते, फॉस्फरस वाढला की कॅल्शियम खाली येतं आणि बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असतील तर धोका जास्त. म्हणून आधीपासून युरिक अ‍ॅसिड कमी ठेवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल आणि भरपूर सलाइन: दर चौरस मीटरला दिवसाला २ ते ३ लिटर, म्हणजे वरच्या पेशंटला सव्वातीन ते पाच लिटर. लघवी तासाला १३० ते १६५ मिलिलिटर उतरायला हवी. "होतेय की चांगली" हे माप नाही. मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवायचं आणि पेशंटला, सोबतच्याला आणि मावशींना तिघांनाही सांगायचं की ओतण्याआधी लिहायचं. एका ड्युटीत दोनदा लघवी न मोजता ओतली गेली की पुढचा सगळा हिशेब खोटा. सलाइन जातंय पण लघवी येत नाही, संध्याकाळचं वजन सकाळपेक्षा किलोभर वाढलंय, पाय सुजलेत, आडवं झाल्यावर धाप लागते: यातलं काहीही दिसलं तर पुढची बाटली लावण्याआधी डॉक्टरांना बोलवायचं.

याच दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक माणूस हातात शहाळं घेऊन येतो. आपल्याकडे आजारी माणसाला शहाळ्याचं पाणी देणं हा आपुलकीचा भाग आहे, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. नेमकं याच आठवड्यात ते नको. मोसंबीचा रस, केळी, टोमॅटोचं सार यांचंही तेच. नुसतं "नाही" म्हटलं तर सिस्टर खडूस ठरते आणि शहाळं पडद्याआड प्यायलं जातं. "आत्ता याने हृदयाची लय बिघडू शकते, चार दिवसांनी रिपोर्ट बघून ठरवू," असं सांगितलं की ऐकतात.

रक्ताच्या नमुन्यातही इथे एक गोम आहे. युरिक अ‍ॅसिड उतरवायला रॅसब्युरिकेस दिलं असेल तर ते नळीतल्या रक्तातही आपलं काम चालूच ठेवतं. म्हणून नमुना लगेच बर्फात ठेवून पाठवायचा, नाहीतर रिपोर्ट छान येतो आणि तो खोटा असतो. हे औषध देण्याआधी जीसिक्सपीडीची तपासणी झाली आहे ना, तेही बघायचं. ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी याने फुटतात.

आता प्रत्यक्ष किमो. दोन्ही औषधांचं मूळ ऐकायला गमतीचं आहे: डॉनोरुबिसिन इटलीतल्या मातीत सापडलेल्या जंतूपासून मिळालं आणि सायटाराबिनची वाट कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजाने दाखवली. वागणूक मात्र दोघांची अगदी वेगळी. डॉनोरुबिसिन थोड्या वेळात जातं, पण शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. सायटाराबिन शिरेबाहेर गेलं तरी तेवढं नुकसान करत नाही, पण त्याला सलग सात दिवस, चोवीस तास चालू राहावं लागतं. रक्तात ते फार वेळ टिकत नाही, आणि पेशी दुभंगण्यासाठी डीएनए तयार करत असते तेव्हाच तिला गाठतं. त्या क्षणी औषध रक्तात नसेल तर पेशी निसटली. म्हणून पंपाचा अलार्म वाजला की आधी तो 'म्यूट' करायचा नाही, कारण बघायचं: नळी दुमडली आहे का, हवा आहे का, बॅटरी गेली का. पंप तासभर बंद राहिला तर वेग वाढवून तो तास 'भरून' काढायचा नाही. नोंद करायची, डॉक्टरांना सांगायचं, ठरलेल्या वेगानेच पुढे जायचं.

औषध लावताना दोन सिस्टर, पेशंटच्या उशाशी. नाव पेशंटकडून वदवून घ्यायचं, नोंदणी क्रमांक पट्टीवर वाचायचा, मग औषध, डोस, कशात मिसळलं, किती मिलिलिटर, किती वेगाने, कुठल्या मार्गाने. "तुम्ही रमेश ना?" असं विचारू नये. झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. उलटीचं औषध अर्धा तास आधी गेलेलं असावं. आणि लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, हे आधीच सांगून ठेवावं. नाहीतर रात्री दोन वाजता बाथरूममधून किंकाळी ऐकू येते.

डॉनोरुबिसिन शक्यतो पिक लाइनमधून (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी) किंवा पोर्टमधून (त्वचेखाली बसवलेली, अशाच नळीला जोडलेली डबी) द्यावं. हाताच्या शिरेतून द्यायची वेळ आलीच तर मनगट, कोपर आणि तळहाताची मागची बाजू टाळायची, रक्त मागे येतंय हे आधी बघायचं आणि औषध संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. जळजळ, सूज, वेग मंदावणं, रक्त मागे न येणं, यातलं एकही झालं तर औषध तिथेच थांबवायचं. सुई लगेच उपसायची नाही. त्याच सुईतून जेवढं औषध मागे ओढता येईल तेवढं ओढायचं, फ्लश अजिबात करायचा नाही, म्हणजे सलाइन आत ढकलायचं नाही, जागा चोळायची नाही, हात उंच ठेवायचा आणि गार शेक द्यायचा, १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार वेळा. डेक्स्राझोक्सेन, म्हणजे सांडलेल्या औषधाची इजा रोखणारं औषध, द्यायचं ठरलं तर पहिला डोस सहा तासांच्या आत जायला हवा. व्हिन्क्रिस्टिन सांडलं तर मात्र उलट, गरम शेक. ते लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकाराचं औषध आहे, आणि त्याबद्दल एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी: ते फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस वाचत नाही. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइन पिशवीतून द्यावं आणि कण्यात द्यायचं औषध असेल त्या दिवशी जवळपासही ठेवू नये.

किमोनंतर ४८ तास पेशंटची लघवी, उलटी, विष्ठा हाताळताना ग्लोव्ह्ज हवेत. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश, कपडे वेगळे धुवायचे. गरोदर सुनेला किंवा मुलीला हे काम देऊ नये. रिकाम्या व्हायल, नळ्या, ग्लोव्ह्ज २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सायटोटॉक्सिक (पेशींना घातक) खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात. मावशी आणि वॉर्डबॉय यांना जाड ग्लोव्ह्ज द्यायला अनेक ठिकाणी हात आखडता घेतात, ही काटकसर मला कधी कळलेली नाही.

सातवा दिवस संपतो. पेशंटला बऱ्यापैकी भूक असते, नातेवाईक विचारतात, घरी कधी? कोकणात पेरणीआधी जमीन भाजतात, तेव्हा तणाबरोबर तिथे असलेलं सगळंच जळतं. रक्ताच्या पेशी बनवणाऱ्या हाडांच्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, आत्ता तेच झालेलं असतं. नवं उगवायला वेळ लागतो. तोवरच्या दिवसांना वॉर्डात 'काउंट पडलेत' म्हणतात. नुसत्या पांढऱ्या पेशींचा आकडा बघून भागत नाही. एकूण पेशी ८००, त्यात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल १० टक्के, म्हणजे एएनसी (न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या) फक्त ८०. पाचशेच्या खाली धोका, शंभराच्या खाली जवळजवळ निःशस्त्र. हा हिशेब सोबतच्या नातेवाइकालाही शिकवावा. रिपोर्ट हातात आला की तो स्वतः काढतो आणि मग हात धुण्याबद्दल त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

या दिवसांत जंतुसंसर्गाची नेहमीची लक्षणं दिसत नाहीत. पू व्हायला पांढऱ्या पेशी लागतात, त्याच नाहीत. न्यूमोनियात एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ असू शकतो, गळवाच्या जागी नुसती लाली आणि दुखणं. उरतो तो ताप. तोंडातला ताप एकदा जरी ३८.३ सेल्सिअस, म्हणजे साधारण १०१ फॅरनहाइट भरला, किंवा ३८, म्हणजे १००.४, तासभर टिकला, तर घड्याळ सुरू झालं. पहिलं अँटिबायोटिक ६० मिनिटांच्या आत शिरेत. त्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे बघण्याचे नमुने, लाइनच्या प्रत्येक नळीतून एक आणि शक्यतो हाताच्या शिरेतून एक. रिपोर्टची वाट बघायची नाही. औषध पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम असेल, सेफेपाइम असेल किंवा मेरोपेनेम, ते त्या रुग्णालयातले जंतू कशाला दाद देतात यावर डॉक्टर ठरवतील. उशीर मात्र औषधाच्या निवडीत क्वचितच होतो. तो होतो फार्मसीच्या रांगेत, सही राहिलेल्या कागदात आणि "सकाळी राउंडला सांगू" या वाक्यात. पहिला डोस वॉर्डाच्या कपाटात तयार असावा.

तापाआधी दिलेली पॅरासिटामॉल हा आपल्याकडचा सर्वांत सोज्वळ दिसणारा घोटाळा. अंग दुखतंय म्हणून बायको पिशवीतली गोळी देते, ताप दबतो, सिस्टर येते तेव्हा ९८.६. जंतू मात्र रक्तात वाढत राहतात. नियम एवढाच: गोळीआधी थर्मामीटर, आणि गोळी सिस्टरच्या हातूनच. थर्मामीटर गुदद्वारात कधीही लावायचा नाही. एनिमा आणि सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) हेही नको. वयस्कर किंवा स्टिरॉइड चालू असलेल्या पेशंटला ताप येतोच असं नाही. नाडी जलद, ब्लड प्रेशर उतरलेलं, हात गार, बोलण्यात गोंधळ, "आज काहीतरी बरं वाटत नाही" एवढंच. ते वाक्य तापाइतकंच गंभीर धरावं. लाइन फ्लश केल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरली तर जंतू लाइनमध्येच असण्याची शक्यता मोठी.

पिक लाइनचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून तिथेच ढिलाई होते. टोपी अल्कोहोलने १५ सेकंद घासायची आणि वाळू द्यायची. सिरिंज १० मिलिलिटरची. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. थोडं ढकला, थांबा, पुन्हा ढकला. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉझचं दोन दिवसांनी, ओलं झालं किंवा कडा सुटल्या तर लगेच. त्या हाताला ब्लड प्रेशरचा पट्टा नाही. ड्रेसिंगजवळ कात्री नाही.

तोंडाकडे लक्ष पाचव्या-सहाव्या दिवसापासून नव्हे, पहिल्या दिवसापासून. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, रोज ताजं. दर चार तासांनी अर्धा मिनिट खळखळवून थुंकायचं, जेवणानंतर आणि झोपण्याआधीही. मऊ ब्रश, हिरड्यांतून रक्त येत असेल तर बोटाला ओलं गॉझ. अल्कोहोलवालं माउथवॉश नको. आणि मशेरी बंद. गावाकडच्या कितीतरी बायका डबी पदराला बांधून येतात आणि कोणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. रागावून नाही, नुसतं विचारायचं: "मावशी, मशेरी लावता का?" रोज टॉर्च घेऊन तोंडात बघायचं. लाली, मग फोड, मग फक्त पातळ पदार्थ जाणं, मग पाणीसुद्धा न जाणं, असा हा त्रास पायऱ्यांनी वाढतो. पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते. दुखणं जास्त असेल तर जेवणाआधी अर्धा तास वेदनाशामक, आणि मॉर्फिन लागलं तर तेही द्यावं. तोंड सोलून निघालेल्या माणसाला "थोडं सहन करा" म्हणणं क्रूर आहे.

तोंडासारखंच दुसरं टोक. शौचाच्या जागी दुखतंय हे पेशंट लाजेने सांगत नाही, आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो वेगाने पसरतो. रोज विचारायचं. उलटीच्या औषधाने बद्धकोष्ठ होतं, म्हणून शौच पातळ ठेवणारं औषध वेळीच सुरू करून घ्यायचं. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखणं आणि ताप एकत्र आले तर ताबडतोब कळवायचं. आतड्याला सूज आलेली असू शकते.

जेवणाबद्दल पूर्वी फार कडक पथ्य असायचं. कच्चं सगळं वर्ज्य केल्याने जंतुसंसर्ग कमी होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. स्वच्छता मात्र सोडता येत नाही. पाणी उकळलेलं, अन्न ताजं आणि गरम. मुगाची खिचडी, मऊ भात, पेज, नाचणीचं सत्त्व, शिरा, नीट शिजलेलं अंडं. फळ धुऊन, हात धुऊन, खाताना सोलायचं. गाडीवरची कापलेली फळं, उसाचा रस, बाहेरची चटणी नको. वरून पेरलेली कोथिंबीर भाजी शिजतानाच टाकावी. पपईच्या पानांचा रस डेंग्यूमुळे घराघरांत पोचलाय. इथे प्लेटलेट बनवणारा मगजच रिकामा आहे, तो रस काय करणार? शिवाय न उकळलेल्या पानांचे जंतू पोटात जातात. गुळवेलीचा काढाही नको. किमोने आधीच थकलेल्या यकृतावर आणखी ओझं कशाला?

अंगारा आणि तीर्थ हा नाजूक विषय. कोणी पंढरपूरहून बुक्का आणतं, कोणी कुलदैवताचा अंगारा. तो पुडीतच उशाशी राहू द्यावा, जिभेवर किंवा लाइनच्या हाताला नको, असं सांगितलं की कोणी वाद घालत नाही. मनगटातला जुना, ओला राहणारा दोरा कापायचा असेल तर विचारून, आणि तो कापायला घरच्यांनाच सांगावं.

प्लेटलेट १० हजारांच्या खाली गेल्या की रक्त वाहत नसलं तरी प्लेटलेट चढवतात, ताप असेल तर २० हजारांच्या आसपासच. प्लेटलेटची पिशवी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. वॉर्डातला नवा कर्मचारी ही चूक हमखास करतो. ती २० ते २४ अंशांवर हलत्या यंत्रावर असते आणि वॉर्डात आली की लगेच, साधारण अर्ध्या तासात द्यायची. लाल पेशींची पिशवी चार तासांच्या आत संपवायची, पहिली पंधरा मिनिटं शेजारी उभं राहून. पुढे बोनमॅरो प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर भाऊ-बहिणीचं रक्त पेशंटला देऊ नये. भाऊ बाही वर करून उभा असतो, त्याला समजावून रक्तपेढीत दुसऱ्या कोणासाठी द्यायला लावावं. नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे. नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं न सोडता दाबायचा. दाढी ट्रिमरने. स्नायूत इंजेक्शन नाही. आणि अचानक डोकं दुखू लागलं, उलटी झाली, नजर अंधूक झाली तर सकाळची वाट बघायची नाही.

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काउंट वर यायला लागतात. मग पुन्हा बोनमॅरोची तपासणी. सुरुवातीला २० टक्क्यांच्या वर असलेले ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, ५ टक्क्यांच्या खाली आले, रक्ताच्या पेशी सावरल्या, तर आजार आटोक्यात. पुढच्या किमो राहतातच. परळ किंवा खारघरच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारा पेशंट मधल्या दिवसांत परभणी, चंद्रपूर किंवा सावंतवाडीला घरी जातो, आणि ताप येतो तो तिथे. गावातले डॉक्टर व्हायरल समजून गोळी देतात, कारण त्यांच्यापुढे दुसरी काही माहितीच नसते. म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या वर एक पान जोडावं, मराठीत आणि इंग्रजीत: रक्ताच्या कर्करोगाची किमो अमुक तारखेला झाली, शेवटची एएनसी अमुक, पिक लाइन उजव्या हातात, अमुक औषधाची अ‍ॅलर्जी, ताप १००.४ च्या वर गेला तर लगेच सीबीसी आणि ब्लड कल्चर घेऊन तासाभरात शिरेतून अमुक अँटिबायोटिक अमुक डोसमध्ये, स्नायूत इंजेक्शन नको, वॉर्डाचा चोवीस तास लागणारा नंबर हा. पिशवीत डिजिटल थर्मामीटर आणि त्याचा जादा सेल. निघताना नातेवाइकाला तो एकदा लावून दाखवायला सांगायचा आणि आकडा मोठ्याने वाचायला लावायचा.